घाण्याचं खोबरेल आणि चॉकलेट स्प्रेडचा डबा: सात महिने वापरल्यावर

मे महिन्यात कुरिअरने आलेला चॉकलेट-हेझलनट स्प्रेडचा डबा उघडला, तर झाकणाखालच्या कागदावर तेलाचा थर तरंगत होता. खाली गोळा, वर तेल. डबा 375 रुपयांचा. पैसे परत मागितले. चार दिवस फोन केले, दर वेळी फोनवर वेगळा माणूस आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी उत्तर आलं की उन्हाने तेल वर येतं, ढवळून वापरा. पैसे काही मिळाले नाहीत.

मी चिडले होतेच. हे तेल आहे तरी कुठलं, म्हणून चष्मा लावून लेबल वाचायला घेतलं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. माझ्या डब्यावर पहिली साखर, दुसरं पाम तेल आणि त्यानंतर हेझलनट, 13 टक्के. म्हणजे ज्याचं चित्र डब्यावर मोठ्ठं आहे ते तिसऱ्या नंबरला. मूळचा हा प्रकार इटलीतल्या पिएमोंते भागातला. दुसऱ्या महायुद्धानंतर कोको मिळेनासा झाला तेव्हा तिथे मुबलक असलेले हेझलनट त्यात मिसळून कोको पुरवून पुरवून वापरला गेला. माझ्या डब्यात हेझलनटच पुरवून पुरवून घातलेत.

आता दुसरी बाजू. दिवाळीपासून आमच्या घरी खोबरेलावर स्वयंपाक चालू होता. आमच्या सिंधुदुर्गात नारळ वाटपात घालतात, रस काढतात, पण खोबरेल म्हटलं की बहुतेकांचा हात डोक्याकडेच जातो. मी घरच्या बाणवली माडांचं खोबरं वाळवून कुडाळच्या बाजूला घाण्यावर नेलं. दहा किलो खोबऱ्याचं साडेपाच किलो तेल आलं, बाकी पेंड गोठ्यात गेली. असे दोन घाणे केले आणि शेवटचे दीड महिने विकतचं आणलं. चव उत्तम. वास पहिला आठवडाभर नवऱ्याला खटकला, मग त्याला त्याचीच सवय झाली. जानेवारीत मात्र सकाळी बाटलीत तेल गोठून पांढरं व्हायचं, कारण साधारण 24 अंशांखाली ते घट्टच होतं. अरुंद तोंडाच्या बाटलीत भरलं ही माझी चूक. रोज सकाळी सहाला बाटली गरम पाण्यात धरून उभं राहावं लागायचं. तुम्ही भराल तर रुंद तोंडाच्या बरणीतच भरा.

तर लेबल वाचायला बसले त्या दिवशी मी स्प्रेडचा डबा आणि विकतच्या खोबरेलाची बाटली शेजारी शेजारी ठेवली. 100 ग्रॅमच्या रकान्यात स्प्रेडच्या कॅलरी 540च्या आसपास, साखर 56 ग्रॅम, एकूण मेद 31 ग्रॅम, त्यातला संपृक्त मेद म्हणजे सॅच्युरेटेड फॅट 11च्या आत, प्रथिनं 6 ग्रॅम. खोबरेलाच्या कॅलरी 900, साखर शून्य, प्रथिनं शून्य, सगळा मेदच, आणि त्यातला 87 ग्रॅम संपृक्त. नऊ वर्षांच्या लेकाने दोन्ही वाचलं आणि म्हणाला, "आई, तुझं तेलच जास्त वाईट आहे."

हे मला लागलं, कारण आकडे त्याच्याच बाजूने होते. पण 100 ग्रॅम खोबरेल कोण खातं? आणि 15 ग्रॅम स्प्रेड तरी कोण खातं? डब्यावर एका वेळचं प्रमाण 15 ग्रॅम, कॅलरी 80 असं लिहिलंय. माझा सगळा राग तिथे येऊन थांबला आणि अजून तिथेच आहे.

पिठाचा काटा काढला. घावणा ताटलीत ठेवून काटा शून्यावर आणला आणि लेकाला म्हटलं, रोजच्यासारखं लाव. त्याने चमचा घातला, फिरवला, कडेपर्यंत नेला, चमचा चाटला, परत घातला. 38 ग्रॅम. दुसऱ्या दिवशी 41, तिसऱ्या दिवशी 36. मग मी स्वतः 15 ग्रॅम मोजून लावलं. घावण्याच्या मधोमध एक डाग पडला, कडा कोऱ्याच राहिल्या. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे काही बोलवेना. म्हणून सांगते, डब्यावरचा तो 80 कॅलरींचा आकडा आमच्या घरात एकदाही खरा ठरलेला नाही. 38 ग्रॅमचा हिशेब करा: कॅलरी 205, साखर 21 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेल्या साखरेच्या कॅलरी दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत राहिल्या तर अधिक चांगलं. या वयाला दिवसाला 1,600 कॅलरी धरल्या तर दहा टक्के म्हणजे 40 ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे 20. पाच टक्क्यांची दिवसभराची साखर एका घावण्यावरच संपली. रविवारी तो दोन खातो.

आणि त्या 38 ग्रॅममधला संपृक्त मेद 4 ग्रॅम. एक छोटा चमचा खोबरेल, साडेचार ग्रॅम, त्यातही जवळजवळ तेवढाच. कॅलरी मात्र 40. मी लगेच निकाल देऊन टाकला की खोबरेल जिंकलं. तसं घरात सगळ्यांना सांगितलंसुद्धा, बहिणीला फोनवर सांगितलं, दोन शेजारणींना घाण्याचा पत्ता दिला.

जूनमध्ये माझी रक्ततपासणी झाली. दिवाळीआधी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118 होतं, ते 141 आलं. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, तेल कुठलं? मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी दुसरा विचारला, महिन्याला किती? तो हिशेब मी केलाच नव्हता. लेकाचा चमचा काट्यावर ठेवला, माझी कढई ठेवलीच नव्हती.

घरी येऊन मोजलं. चार माणसांना महिन्याला दोन किलो, म्हणजे माणशी रोज साडेसोळा ग्रॅम. त्यात संपृक्त मेद साडेचौदा ग्रॅम. दिवसाला 2,000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने संपृक्त मेद 22 ग्रॅमच्या आत ठेवावा असं म्हणतात. तेलातच दोन तृतीयांश संपले. आणि आमच्या कोकणी घरात गोष्ट तेलावर थांबत नाही. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला 30 ग्रॅम संपृक्त मेद असतो. वाटीभर किसाचं वाटप चौघांत विभागलं तरी प्रत्येकाच्या ताटात पाच-सहा ग्रॅम येतो, वर सोलकढीचा रस वेगळा. किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात नारळ आधीच भरपूर होता, मी त्यावर तेलही नारळाचंच ओतत होते.

लॉरिक आम्ल या मेदाम्लाबद्दल मीही खूप वाचलं होतं. खोबरेलात ते जवळजवळ निम्मं असतं, ते मध्यम साखळीचं, लगेच जळतं, अंगाला लागत नाही, असं सांगतात. पण प्रयोगात वापरतात ते एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाचं, तेल मुख्यतः कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांचं असतं, आणि ती दोन्ही खोबरेलात थोडीच. लॉरिक आम्लाचा बराचसा भाग शरीर लांब साखळीच्या मेदासारखाच शोषतं. खोबरेलाने एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वाढतं हे खरं, पण एलडीएलही वाढतं, आणि त्यामुळेच अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये ते न वापरण्याचा सल्ला दिला. शिवाय शरीराला बाहेरूनच घ्यावं लागणारं लिनोलिक आम्ल त्यात दोनेक टक्के, शेंगदाणा तेलात तीसच्या आसपास. माझ्या 141 चा सगळा दोष मी तेलावर टाकत नाही, मे महिन्यात माझं चालणंही बंद होतं. पण एवढं कळल्यावर दोन किलो पुन्हा आणवणार नाही.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "नारळ काय आमच्या घरात आज इलो? पण आमी तेलात पोहत नव्हतो गो." त्या चमच्याने नाही, बोटाने तेल सोडायच्या आणि महिन्याचं तेल एका पितळी बुधल्यात असायचं, तो संपला की संपला. माझ्याकडे पाच लिटरचा कॅन आहे.

खर्चाचंही सांगते, कारण घरचे नारळ म्हणजे फुकट असं मीही धरून चालले होते. दहा किलो खोबऱ्याला साधारण 65 नारळ लागले. नग तीस रुपयांनी विकले असते तर 1,950 रुपये आले असते. घाण्याची मजुरी आणि रिक्षा धरून तेल किलोला चारशेच्या घरात पडलं. एवढ्या महागाच्या तेलात मी सात महिने पापड तळले, याची हळहळ वाटते.

मग स्प्रेडच घरी करून बघितलं. 200 ग्रॅम काजू तुकडा भाजून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवला, त्यात 60 ग्रॅम गुळाची पावडर, 20 ग्रॅम कोको आणि 20 ग्रॅम खोबरेल. मिक्सर दोनदा तापला, थांबून थांबून करा. कॅलरी 100 ग्रॅमला 520च्या आसपास, विकतच्याला जवळजवळ तेवढ्याच. संपृक्त मेदही तेवढाच, 11-12 ग्रॅम, तो खोबरेलाचा आणि काजूचा. पण गुळाची साखर 18 ग्रॅम, म्हणजे 56च्या एक तृतीयांशाहून कमी, आणि प्रथिनं दुपटीच्या आसपास. गूळ म्हणून साखर मोजायचीच नाही असं करू नका, ती साखरच आहे. लेकाने पहिल्या दिवशी बाजूला सारलं, दुसऱ्या दिवशी वास घेतला, तिसऱ्या दिवशी खाल्लं. पूर्ण घावणाभर. मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

सध्या रोजच्या स्वयंपाकाला शेंगदाणा तेल, महिन्याला चौघांत सव्वा किलो. खोबरेल सुकटाच्या किसमुरीला आणि फणसाच्या कुयरीच्या म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीला, कारण त्यांना दुसरं तेल चालतच नाही. पावशेराची बरणी महिनाभर पुरते. विकतच्या डब्यात अजून पाऊण स्प्रेड आहे, टाकवत नाही. रविवारी एकदा, काट्यावर 15 ग्रॅम मोजून देते. माझी पुढची तपासणी सप्टेंबरात, गणपती झाल्यावर.