मिट्स्पे रेविविम: आधी पाण्याची गोष्ट बघा, मग युद्धाची

इस्रायलमधल्या दिमोनात ४० वर्षं राहूनही मी मिट्स्पे रेविविम, म्हणजे नेगेव वाळवंटातली ती जुनी वस्ती, आता संग्रहालय, पाहिलं नव्हतं. बेर्शेवापासून दक्षिणेला साधारण ३० किलोमीटर, पण जवळचं बघायचं राहूनच जातं. हनुक्का या आमच्या ज्यू सणाच्या सुट्टीत नातीने विचारलं, "आजी, शाळेत हलुत्सिम शिकवले, ते राहायचे कुठे गं?" (हलुत्सिम म्हणजे इथे सुरुवातीला येऊन वस्ती करणारे ज्यू तरुण.) म्हणून दोघी निघालो.

ते राहायचे ती जागा टेकाडावर आहे. अंगणाभोवती तटबंदीसारख्या खोल्या, वर टेहळणीचा मनोरा, आणि जमिनीखाली बायझंटाइन काळातल्या, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या गुहा. सुरुवातीला ही मुलं त्या गुहांत राहिली. मुलंच म्हणायला हवं, बहुतेक विशीतली. बाहेर ऊन असताना गुहेत शिरलं की खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं वाटतं. नात तिथे बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती.

१९४३ मध्ये नेगेवमध्ये गेवुलोत, रेविविम आणि बेत एशेल अशी तीन ठाणी बसवली गेली. इथे शेती होऊ शकते का, एवढंच त्यांनी तपासायचं होतं. वर्षाला पाऊस जेमतेम १०० मिलिमीटर, तोही मोजक्या दिवसांत. वर इथली लोएस, म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती अशी, की पहिल्या सरीने भिजली की वरचा थर घट्ट होतो आणि उरलेलं पाणी वाडीतून वाहून जातं. (वाडी म्हणजे इथला कोरडा ओढा, आपली नारळाची वाडी नव्हे.) जमिनीखालचं पाणी खारट. मग बांध घालून पुराचं पाणी अडवायचं, रोपं लावायची, कुठलं जगतं ते लिहून ठेवायचं आणि मेलं तर दुसरं लावायचं. जवळच्या अवदात आणि शिव्ता या प्राचीन गावांत नबातियन या जुन्या अरब व्यापारी लोकांनी हेच दीड-दोन हजार वर्षांपूर्वी केलं होतं.

रेविविम म्हणजे पावसाच्या सरी. हे नाव बायबलमधल्या स्तोत्र ६५ मधून आलंय. तिथे एकाच ओवीत देव नांगराच्या सऱ्यांना पाणी पाजतो आणि सरींनी माती मऊ करतो. हिब्रूत दोन्हींना वेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्ही सरीच. नातीला हे सांगितलं तेव्हा तिने मला तीनदा म्हणायला लावलं.

१९४८ च्या अरब-इस्रायल युद्धातल्या वेढ्याची बाजू मुलांना आवडेल. इजिप्तच्या सैन्याने रस्ता तोडला, तेव्हा सामान विमानाने यायचं. मी तिथे फार रेंगाळले नाही. पण नातीला एक गोष्ट मुद्दाम सांगितली: हलुत्सिम येण्याआधीही या मातीत बेदुईन शेतकरी पावसाच्या भरवशावर जव पेरत होते, आणि त्या युद्धात व त्यानंतर त्यांतल्या बहुतेकांना नेगेव सोडावं लागलं. ही गोष्टही तिला माझ्याकडूनच कळायला हवी होती.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी लवकर. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी घ्या. गुहेकडे उतरताना गुडघे दुखणाऱ्यांनी कुणाचा तरी हात धरावा, मी नातीचा धरला. वेळा सुट्टीत बदलतात, फोन करून निघा.

इथला किबुत्झ, म्हणजे सामूहिक शेतीची वसाहत, युद्धानंतर जवळच नव्या जागी हलला. त्याच्या शेतांत आज जैतुनाची झाडं त्याच खारट पाण्यावर उभी आहेत. जैतून ते सोसतं. आमच्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या ज्यूंना, तिथे शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणत, त्यामुळे तेलाचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. परतताना नातीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेची माती आदल्या आठवड्याच्या पावसाने कडक झाली होती. तिने बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, आणि ते न मुरता उतारावरून धावत गेलं.