‘मालवणलाही चालेल, इंग्लंडलाही चालेल’: १८ किलो लिफ्टच्या बीसीडीची थाप

जाहिरात अशी होती: ‘बीसीडी, एम साइझ, लिफ्ट १८ किलो, मालवणलाही चालेल, इंग्लंडलाही चालेल, चारच वेळा वापरलेलं, ३८,००० रुपये.’ बीसीडी म्हणजे स्कूबा डायव्हर अंगात घालतो ते हवा भरून तरंगवणारं जॅकेट, आणि लिफ्ट म्हणजे ते पाण्यात किती वजन उचलून धरतं तो आकडा. पुण्याहून नोकरीसाठी इंग्लंडमधल्या लेस्टरला निघालेल्या एका डायव्हरने ते घेतलं. सुट्टीत घरी आला की तारकर्ली आणि एरवी लेस्टरजवळची स्टोनी कोव्हची पाण्याने भरलेली जुनी खाण, दोन्हीकडे एकच जॅकेट वापरायचा त्याचा बेत होता. विकणाऱ्याने जलतरण तलावात ट्रायल दिली. जॅकेट फुगलं, माणूस आरामात तरंगला, बटणं चालली. पैसे यूपीआयने गेले, बिल मिळालं नाही.

या प्रकरणात सगळ्यात चलाखीचा भाग ती ट्रायलच होती. तलावात अंगावर टी-शर्ट किंवा फार तर ३ मिमीचा सूट, पाठीवर ॲल्युमिनियमचं सिलिंडर आणि बुडण्यासाठी जेमतेम दोन-तीन किलो शिशाचं वजन. एवढ्याला कुठलंही धड जॅकेट पुरतं. तलावात तरंगून दाखवलं म्हणजे लिफ्ट सिद्ध झाली, असं अजिबात नाही.

खरा आकडा जॅकेटच्या आतल्या लेबलवर होता. त्यावर साइझप्रमाणे लिफ्ट छापलेली होती, तीही पौंडांत: एस २४, एम २८, एल ३४, एक्सएल ४०. चाळीस पौंड म्हणजे १८ किलो, पण ते एक्सएलचे. विकलेल्या एम साइझची लिफ्ट २८ पौंड, म्हणजे १२.७ किलो. जॅकेट प्रकारात साइझ लहान तसा ब्लॅडर, म्हणजे आतली हवेची पिशवी, लहान, आणि ब्लॅडर लहान तशी लिफ्ट कमी. जाहिरातीत मात्र सगळ्यात मोठ्या साइझचा आकडा टाकायची पद्धत सर्रास आहे. काही महाभाग पौंडांचा आकडाच किलो म्हणून सांगतात. लेबल कापलेलं असेल तर तो सौदा तिथेच सोडावा.

१२.७ किलो कमी का पडतात, त्याचा हिशेब दोन बाजूंनी करावा लागतो. पहिली बाजू पाण्याखालची. तारकर्लीच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात ३ मिमीचा सूट दाबाने दीड-दोन किलोची तरंगशक्ती गमावतो. भरलेल्या सिलिंडरमधली हवा अडीच-तीन किलोंची. बीसीडीने उचलायचे ते एवढेच, चार-पाच किलो. थंड पाण्यात ७ मिमीचा दुहेरी सूट पृष्ठभागावर १० किलोच्या आसपास तरंगशक्ती देतो आणि ३० मीटरवर, चार बार दाबाखाली, त्यातली बहुतेक घालवून बसतो. सहा-सात किलो तिथे गेले, हवेचे तीन वेगळे. दहा किलो इथेच झाले, म्हणजे १२.७ मध्ये ही बाजू जेमतेम भागते.

दुसरी बाजू पृष्ठभागावरची, आणि ती बहुतेक जण विसरतात. बोटीवर चढण्याआधी पाण्यातच बीसीडी काढून द्यायची वेळ येते. तेव्हा तुमच्याशिवाय नुसता संच तरंगला पाहिजे. भरलेलं १२ लिटरचं स्टीलचं सिलिंडर पाण्यात साधारण चार किलो भरतं, रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं उपकरण, एक किलो. ड्रायसूटसाठी (अंगाला पाणी लागू न देणारा, हवा भरलेला सूट) लागणाऱ्या १२ किलो शिशातलं नऊ किलो जॅकेटच्या खिशांत ठेवलं तर ते पाण्यात आठ किलोंच्या आसपास भरतं, म्हणजे बेरीज १३. जॅकेटची लिफ्ट १२.७. काढून दिलेला संच थेट तळाला. वजनातला मोठा भाग कमरेच्या वेटबेल्टवर घेतला तर हे टळतं, पण विकणाऱ्याने ‘बेल्टची गरजच नाही, खिसे आहेत ना’ असं ठासून सांगितलं होतं. त्या खिशांची मर्यादा दर बाजूला साडेचार किलो होती. बारा किलो त्यात मावणारच नव्हते.

मापाची फसगत वेगळी. टी-शर्टवर नीट बसणारं एम जॅकेट ड्रायसूट आणि आतल्या जाड कपड्यांवर बसत नाही. पोटपट्टा पुरत नाही, आणि जॅकेट फुगलं की छाती आवळते. ड्रायसूटचा हवा भरायचा व्हॉल्व्ह छातीवर असतो, सोडायचा डाव्या दंडावर. छातीचा पट्टा पहिल्यावर आला तर तो दाबला जाऊन सूटमध्ये नको तेव्हा हवा भरू शकते, खांद्याचा पट्टा दुसऱ्यावर चढला तर सूटमधली हवा वेळेवर सोडता येत नाही, आणि माणूस बुचासारखा वर जातो. म्हणून थंड पाण्यासाठी घ्यायचं जॅकेट ड्रायसूट घालूनच अंगावर चढवून बघायचं. जाड हातमोजे घालून प्रत्येक बकल, डंपची (जॅकेटमधली हवा सोडायच्या व्हॉल्व्हची) दोरी आणि वजनाचा खिसा ओढून बघायचा.

‘चारच वेळा वापरलेलं’ हीसुद्धा थाप निघाली. सिलिंडरच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलेला क्रमांक अर्धवट पुसलेला होता. भाड्याने देणारे आपल्या जॅकेटांवर असेच क्रमांक टाकतात. वेल्क्रो गुळगुळीत, क्लोरीनने कापडाचा रंग उतरलेला. अशा जॅकेटांत आतून पॉलियुरेथेनचा थर सुटू लागलेला असतो. तो तपासायचा तर इन्फ्लेटरमधून (हवा भरायच्या बटणांच्या नळीतून) लिटरभर गोडं पाणी ओता, जॅकेट चांगलं हलवा आणि खालच्या डंपमधून पांढऱ्या कपड्यावर पाणी काढा. पापुद्रे पडले किंवा आतून चिकट वाटलं तर तो ब्लॅडर संपला. मिठाचे खडे पडले तर निदान धुण्याची हयगय झालेली आहे, आणि ते खडे ब्लॅडर आतून घासतात.

गळतीची चाचणी पाच मिनिटांत उरकू देऊ नका. डंप व्हॉल्व्हच्या बैठकीला भरपूर सिलिकॉन ग्रीस फासलं की सुटलेला वॉशरही थोडा वेळ हवा धरतो, आणि इथे नेमकं तेच केलेलं होतं. जादा दाबाचा व्हॉल्व्ह आपोआप उघडेपर्यंत जॅकेट फुगवा आणि रात्रभर, निदान १२ तास ठेवा. पहाटेच्या गारव्याने थोडं मऊ पडेल, तेवढं चालतं. सुरकुतलं तर गळती आहे. मग शिवणी, इन्फ्लेटरचा कोपरा आणि प्रत्येक डंपभोवती साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा.

इन्फ्लेटरला लो-प्रेशर होज (सिलिंडरकडून कमी दाबाची हवा आणणारा पाइप) जोडून बटण न दाबता दहा मिनिटं तसंच ठेवा. जॅकेट हळूहळू भरू लागलं तर आतला व्हॉल्व्ह खराब आहे. हा दोष थंडीत जिवावर बेततो, कारण ५ अंशांच्या पाण्यात बटण जास्त वेळ दाबून धरलं तर व्हॉल्व्ह गोठून उघडाच अडकू शकतो. तिथे हवा छोट्या-छोट्या फुंकरींनीच भरायची. अडकलाच तर होज झटक्यात काढून डंप ओढायचा. जाड हातमोज्यांत होज निघतो का, हे विकत घेण्याआधीच बघायचं. काही इन्फ्लेटरमध्ये पर्यायी रेग्युलेटरही बसवलेला असतो. त्यांचा कनेक्टर मोठा असतो आणि साधा होज त्याला बसत नाही. तो होज संचात आहे का, ते विचारा. वजनाचे खिसेही ज्या-त्या मॉडेलचेच लागतात. ‘बाजारात कुठेही मिळतील’ यावर विश्वास ठेवू नका.

लिफ्ट स्वतः मोजता येते. जॅकेट तलावात पूर्ण भिजवा, सगळी हवा काढा, आणि रिकामं जॅकेट बुडायला किती शिसं लागतं ते बघा. मग पूर्ण फुगवून, सिलिंडर न लावता, बुडेपर्यंत शिसं अडकवत जा. दोन आकड्यांतला फरक ०.९१ ने गुणा, कारण एक किलो शिसं पाण्यात सुमारे ९१० ग्रॅमच भरतं. खऱ्या १८ किलोच्या जॅकेटला हा फरक २० किलोंच्या आसपास येतो. इथे तो १४ आला.

दोन्ही पाण्यांत खरोखर चालणारी गोष्ट म्हणजे बॅकप्लेट (पाठीवरची धातूची प्लेट) आणि सिंगल सिलिंडरची १५ ते १८ किलोची विंग (प्लेटमागे लावायची हवेची पिशवी). मालवण-अंदमानला जाताना किलोभराची ॲल्युमिनियमची प्लेट लावायची, थंड पाण्यात अडीच-तीन किलोंची स्टीलची, म्हणजे तेवढं शिसं कमी लागतं. एकाच सलग पट्ट्याचा हार्नेस टी-शर्टवरही बसवता येतो आणि ड्रायसूटवरही. मात्र स्वस्त नकली प्लेटमधल्या भोकांचं अंतर २८ सेंटिमीटर आहे का, ते टेपने मोजा. नाहीतर विंग किंवा सिलिंडर जोडायचा ॲडॅप्टर बसणार नाही. ‘मोठी विंग केव्हाही बरी’ म्हणत जोडसिलिंडरची २७ किलोची विंग गळ्यात मारणारेही आहेत. ती एका सिलिंडरभोवती दोन्ही बाजूंनी दुमडते, घडीत हवा अडकते आणि नेमकी वर येताना सुटत नाही.

फसलाच असाल तर जॅकेट परत पाठवण्याआधी लेबल, सिरियल नंबर आणि गळतीचा व्हिडिओ काढून ठेवा. जाहिरातीचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉटही. दुकानातून घेतलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. धंदा न करणाऱ्या माणसाकडून जुनं घेतलं असेल तर तो कायदा लागत नाही, पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्यावी लागते. ऑनलाइन पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर लगेच १९३० वर फोन करा. पैसे परत देतो म्हणून कोणी यूपीआयचा पिन टाकायला सांगितलं तर टाकू नका, पैसे घ्यायला पिन लागत नाही.