टाचांच्या भेगा: मुठेल की व्हॅसलीन?

मुंबईत थंडी ती काय, पण जानेवारीत पारा १६-१७ वर आला आणि कोरडा वारा सुटला की माझ्या टाचा चादरीत अडकायला लागतात. आई म्हणते मुठेल लाव, म्हणजे आपलं कोकमाच्या बियांचं तेल. दादरला कोकणी मालाच्या दुकानात त्याचा पांढरट गोळा मिळतो, दगडासारखा कडक, चमच्यात घेऊन गॅसवर वितळवायचा, मग कोमट झालं की भेगेत सोडायचं, आणि ते तिथेच थिजून बसतं ना, ते भारी वाटतं, रात्रभर हलत नाही. पण रोज कोण करणार हे सगळं, ८:१२ ची लोकल पकडायची असते.

व्हॅसलीन सोपं, स्वस्त, वास नाही. फक्त ते स्वतः ओलावा देत नाही, असलेला आत धरून ठेवतं, म्हणून पाय धुवून जरा दमट असतानाच लावायचं आणि वर सुती मोजे, नाहीतर लादीवर घसरलात म्हणून समजा.

मी आठवडाभर व्हॅसलीन आणि रविवारी मुठेल असं करते. भेगेतून रक्त येत असेल किंवा डायबेटीस असेल तर मात्र दोन्ही राहू द्या, सरळ डॉक्टरला दाखवा.