चार टक्के क्लोरहेक्झिडीनचा शाम्पू: सहा महिन्यांनंतर

मोत्या आमचा कुत्रा, गावठीच, अठरा किलोचा. मिरग लागला की त्याच्या पोटावर पुटकुळ्या येतात, हे दरवर्षीचंच. गेल्या जूनमध्ये मात्र त्या फुटून रुपयाएवढे गोल चट्टे पडले, कडेला सुटत आलेली खपली. जवळच्या एका दवाखान्यात काही न तपासता सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं. आठ दिवसांत बरं दिसलं म्हणून गोळ्या मीच बंद केल्या. चट्टे परत आले, परत त्याच गोळ्या, आणि या खेपेला ढिम्म फरक नाही.

मग म्हापशाच्या डॉक्टरांनी पुटकुळीतला पू काडीवर घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून तपासायला, पाठवला. रिपोर्टात स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. हा जंतू कुत्र्यांच्या अंगावर एरवीही असतोच, पण आमचा मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा निघाला. अशा जंतूंत बहुधा मेक-ए नावाचा जीन असतो. मग पेनिसिलिन आणि सेफॅलेक्सिनचं अख्खं घराणं फुकट. औषधांच्या यादीत आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट, दाद न देणारा. डॉक्टर म्हणाले, "चट्टे वरवरचे आहेत, पोटात औषध नको. शाम्पू लावा, पण नेमाने."

पहिले पंधरा दिवस मी चुकलो. आधी साध्या साबणाने घासायचो, मग शाम्पू लावून लगेच पाणी ओतायचो. साबण राहिला तर क्लोरहेक्झिडीनचा, म्हणजे शाम्पूतल्या जंतुनाशकाचा, जोर जातो, आणि फेस अंगावर दहा मिनिटं राहायलाच हवा. आपल्या अंगणात ओला कुत्रा दहा मिनिटं धरून बघा! मी मोबाईलवर वेळ लावतो आणि सुकं खोबरं हातात ठेवतो.

घासण्याचं महत्त्व मला त्याच्या पाण्याच्या भांड्याने पटवलं. दोन दिवस न धुतलेल्या भांड्यात आतून बोट फिरवलं की बुळबुळीत लागतं, नुसतं पाणी ओतून ते जात नाही. हे जंतूही असाच थर बांधू शकतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. आतल्या जंतूंना मोकळ्या जंतूंपेक्षा कितीतरी पट जास्त औषध लागतं. म्हणून मी खपली भिजवून बोटांनी हलकेच सोडवतो, ओरबाडत नाही.

आठवड्यातून दोनदा केलं, पाचव्या आठवड्यात नवी पुटकुळी नाही. चवथीच्या गडबडीत दोन आठवडे राहिलं, तर जांघेत तीन परत. सप्टेंबरनंतर आठवड्यातून एकदा, तेवढ्यावर निभावतंय.

तक्रारी आहेत. दोनशे मिलीची बाटली महिनाभरही पुरत नाही. कातडी कोरडी पडते. डोळ्यांत जाऊ देऊ नका, इजा होते. आणि ज्या टॉवेलने मोत्याला पुसलं तो आईने ब्लीचमध्ये टाकला, तर त्यावर तपकिरी डाग उमटले, ते अजून गेलेले नाहीत. आई म्हणते, "माणसांपेक्षा कुत्र्याचाच थाट जास्त!" तिच्या पायाला जखम होती तेव्हा मात्र, जंतू तिथे जाऊ नये म्हणून, मी तिला मोत्याच्या अंथरुणाला हात लावू दिला नाही.

खाज मुळात गोचिडांमुळे की ॲलर्जीमुळे, ते शाम्पू सांगत नाही. गोचिडांची गोळी सुरू आहे, पुढचा मिरग यायचाय.