कुकंबर मॅग्नोलिया: १७ महिन्यांनंतरचा अनुभव

मागच्या वर्षी मे महिन्यात हे झाड लावलं, आता ऑक्टोबर चालूये, म्हणजे दोन उन्हाळे आणि एक अख्खा हिवाळा बघून झालाय, म्हणून आता लिहिते. आम्ही किचनरला राहतो, ओंटारिओत. सोनचाफा मी इकडे कुंडीत दोनदा आणला, घरात ठेवूनही दोन्ही वेळा जानेवारीत गेला, फार वाईट वाटलं. मग कळलं की सोनचाफा म्हणजे मॅग्नोलियाच, आणि त्याच्याच जातकुळीतलं एक झाड, हा कुकंबर मॅग्नोलिया, इथलं स्वतःचं आहे. अख्ख्या कॅनडात जंगलात आपसूक वाढणारा हा एकच मॅग्नोलिया, तोही फक्त आमच्या दक्षिणेला नॉरफोक आणि नायगाराकडे, आणि तिथेही आता इतका कमी उरलाय की धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत आहे. ते वाचलं आणि ठरवलंच, हेच लावायचं.

रोप चार फुटी मिळालं. कुंडीतून काढलं तर मुळं आत गोल गोल फिरून बसलेली, नर्सरीवाल्यांनी खूप दिवस तसंच ठेवलं असणार. ह्याची मुळं जाड आणि मऊ, दोरीसारखी, जरा ओढली की तुटतात, म्हणून बादलीत पाण्यात ठेवून हळूहळू सोडवली, तासभर गेला. लावायचं तर वसंतातच लावा, कारण शरदात लावलं तर तुटलेली मुळं गार ओल्या मातीत भरून येत नाहीत, कुजतात. आणि एकदा लावलं की जागा बदलायची नाही. खड्डा रुंद घ्या, खोल नको.

पहिल्या उन्हाळ्यात वाढ जेमतेम वीतभर. जुलैत पानांच्या कडा करपल्या, मी घाबरले, पण ते फक्त पाण्याचं होतं. आठवड्याला दोन बादल्या आणि बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा तीन इंच थर (खोडाला टेकवायचा नाही) एवढं केल्यावर थांबलं.

थंडीचं म्हणाल तर पैकीच्या पैकी मार्क. उणे २४ पर्यंत गेलं होतं, एक फांदी वाळली नाही, शेंडासुद्धा शाबूत. हिवाळ्यात त्याच्या कळ्यांवर चंदेरी लव असते, बर्फात ती इतकी सुंदर दिसते की मी रोज खिडकीतून बघायचे. त्रास दिला तो सशांनी. जाळी दोन फुटी लावलेली, बर्फ दीड फूट साचला आणि ससे त्यावर बसून जाळीच्या वरची साल कुरतडून गेले! नशीब एकाच बाजूला, आता कडेने भरून येतेय.

एप्रिलच्या शेवटी शेजाऱ्यांचा गुलाबी मॅग्नोलिया पूर्ण फुललेला आणि एका रात्रीच्या हिमात सगळा तपकिरी झाला. आमचं झाड अजून झोपलेलं होतं, पानं मेमध्ये निघाली, एकाही पानाला काही झालं नाही. इथल्या हवेची ओळख असलेलं झाड म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. ह्या उन्हाळ्यात वीस इंच वाढलंय, पानं माझ्या पंजापेक्षा मोठी.

फुलांसाठी घेत असाल तर मात्र थांबा. बियांपासूनच्या झाडाला बारा-बारा वर्षं लागू शकतात, त्यात फूल हिरवट पिवळं, पानं आल्यावर उंचावर येतं, लांबून दिसतही नाही, आणि सोनचाफ्याच्या वासाची तर आशाच नको. नंतर छोट्या काकडीसारखं फळ धरतं (नाव त्यावरूनच), ते लाल होतं आणि केशरी बिया पांढऱ्या धाग्याने खाली लोंबतात. लवकर पिवळी फुलं हवी असतील तर 'एलिझाबेथ' बघा, ब्रुकलिनच्या बोटॅनिक गार्डनमध्ये ह्याच झाडाचा चिनी मॅग्नोलियाशी संकर करून केलेला. मला मात्र अस्सल इथलंच हवं होतं. आणि जागा बघून घ्या, हे वीस मीटरच्या वर जातं, आम्ही घरापासून तीस फूट लांब लावलंय.

आई दर व्हिडिओ कॉलला विचारते, चाफा फुलला का गं? मी तिला शेंड्याची चंदेरी कळी दाखवते, तेवढ्यानेही ती खूश होते. ह्या शनिवारी चार फुटी जाळी आणतेय.