एमजीबी तापतेय म्हणून इलेक्ट्रिक फॅन घेताय? आधी हे वाचा

फॅन किटला पाचपैकी दोन स्टार, त्यातला एक मोटर अजून फिरतेय म्हणून. नंतर रेडिएटर दुरुस्त करून दिला त्या आजोबांना पाच, सहा असते तर सहा दिले असते.

गाडी १९६६ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे ब्रिटिश उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, मी बर्मिंगहॅमजवळ राहतो. घेतल्यापासून उन्हाळ्यात सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा वर. २०२२ च्या जुलैत इंग्लंडमध्ये पारा ४० च्या वर गेला तेव्हा तर मी ती गॅरेजमधून बाहेरच काढली नाही. लहानपणी आमची पद्मिनी बोरघाटात हमखास तापायची, बाबा कॅपवर फडकं टाकून हळूहळू वाफ सोडायचे आणि आम्ही पाण्याचा कॅन घेऊन बाजूला उभे, त्यामुळे जुनी गाडी म्हटलं की तापणारच असंच डोक्यात होतं. मग मागच्या वर्षी कॅसलटनजवळच्या विनॅट्स पासच्या खड्या चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली, मी फडकं शोधत होतो आणि बायको म्हणाली, "अगदी बाबांसारखा दिसतोयस." त्याच रात्री ऑनलाइन फॅन किट मागवलं. साधारण १२० पौंड. विकणाऱ्याचं नाव देत नाही, अशी किटं ढिगाने मिळतात आणि सगळी साधारण सारखीच.

किटमध्ये काय वाईट ते सांगतो. एक तर फॅन बसवायला प्लास्टिकच्या पट्ट्या, त्या रेडिएटरच्या जाळीतून आरपार घालायच्या. गाडी हलते, फॅन हलतो, पट्टी नळ्यांवर घासत राहते, आणि नळ्या आहेत पातळ पितळेच्या, म्हणजे आज ना उद्या भोक पडणारच. दुसरं, पंखा आपोआप चालू करणाऱ्या सेन्सरची बारीक नळी रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी पाइपच्या) तोंडातून आत सारायची आणि वरून क्लिप आवळायची. तिथून पाणी झिरपतं. कितीही आवळा, झिरपतंच.

आणि तिसरी गंमत, ही मात्र अर्धी माझी चूक. १९६७ अखेर मार्क टू, म्हणजे पुढचं मॉडेल, येईपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थ होती, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. किटच्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही, मी आपलं लाल काळं बघून जोडलं आणि पंखा उलटा फिरायला लागला. समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलत होता! गाडी आधीपेक्षा जास्त गरम, आणि मी दोन आठवडे थर्मोस्टॅटला (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) शिव्या घालतोय. तपासायची सोपी युक्ती म्हणजे पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढे कागद धरायचा, चिकटला तर बरोबर. माझा उडाला. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, झालं.

शिवाय डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा. या गाडीत ल्युकासचा सी४० आहे, तो जास्तीत जास्त २२ ॲम्पिअर देतो, तेही इंजिन जोरात फिरत असताना. ट्रॅफिकमध्ये, म्हणजे नेमका पंखा हवा असतो तेव्हा, तो जवळजवळ काहीच देत नाही, वर हेडलाइट लावले की बॅटरी खाली.

इतकं करून सिग्नलला फरक पडला, थोडा. पण मोटरवेवर ७० मैलांनी जाताना काटा तसाच वर, आणि तिथे माझी ट्यूब पेटली. त्या वेगाला वारा आपोआप येतो, पंखा असला काय नसला काय. उभी असताना तापली तर हवेवर संशय घ्यायचा, पळताना तापली तर पाण्यावर (इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे असेल तरी तापते, ते बघितलं, ठीक होतं). लेझरवाल्या थर्मामीटरने रेडिएटरवर फिरवून बघितलं तर खालचा कोपरा चक्क थंड. म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं.

मग कॉव्हेंट्रीच्या बाहेर एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये रेडिएटर घेऊन गेलो. दुकान कसलं, शेडच ती, वयस्कर आजोबा आणि एक पोरगा. त्यांनी माझ्यासमोर रेडिएटरच्या टाकीचा डाग उकलून आतलं दाखवलं, निम्म्या नळ्यांत चुन्यासारखा थर. ॲल्युमिनियमचा नवा घेऊ का विचारलं तर म्हणाले कशाला, पितळ तुला पुन्हा डाग देऊन दुरुस्त करता येतं. जुन्याच टाक्या ठेवून मध्ये नवीन कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, २४० पौंड, चार दिवस. फॅनसाठी पट्ट्यांऐवजी लोखंडी ब्रॅकेटही करून दिले, त्याचे पैसे घेतले नाहीत.

वर एक तंबीही दिली की इंजिनचा ब्लॉक आतून न धुता हे बसवलंस तर वर्षात परत येशील. इंजिनच्या मागच्या बाजूला ड्रेनचा नळ असतो, उघडला तर थेंब नाही. तारेने टोचत बसलो, मग जो लालसर चिखल आला तो बघून कोकणातला पहिला पाऊस आठवला. शेवटच्या सिलिंडरभोवती सगळा गाळ बसतो. पाईप लावून उलट्या दिशेने तासभर धुतलं. रेडिएटरला नवीन १० पीएसआयची कॅप, ८२ डिग्रीचा थर्मोस्टॅट, अर्धं पाणी अर्धं अँटिफ्रीझ. थर्मोस्टॅट काढून टाकायचा आपल्याकडचा जुना उपाय मी केला नाही, इथल्या थंडीत इंजिन गरमच होणार नाही.

आता मोटरवेवर काटा ८५ डिग्रीच्या आसपास, विनॅट्सला परत नेली तर ९२ पर्यंत गेली आणि वर पोचल्यावर पाच मिनिटांत खाली. इंजिनवर फिरणारा मूळ पंखाही परत बसवलाय. इलेक्ट्रिकवाला डॅशबोर्डखालच्या बटणावर ठेवलाय, सेन्सर फेकून दिला. महिन्यातून एकदा लागतो.

आजोबांकडे जाणार असाल तर रेडिएटर स्वतः काढून न्या, ते गाडीला हात लावत नाहीत. शनिवारी बंद, बाकी दिवस तीनलाच शटर खाली, आणि कार्ड चालत नाही.