कुरण वाळलं तर: फुकटची मदत की पावसाचा विमा?

अमेरिकेतल्या गुरेपालकाला दुष्काळात दोन सरकारी आधार असतात.

पहिला 'एलएफपी', म्हणजे चारा-आपत्ती मदत. याला हप्ता नाही. चराईच्या हंगामात आपली काउंटी (म्हणजे जिल्हा) राष्ट्रीय दुष्काळ नकाशावर 'डी-३' म्हणजे अतितीव्र गटात एकदा जरी आली, तरी तीन महिन्यांची मदत मिळते. दर महिन्याच्या चारा-खर्चाच्या ६० टक्के. वर्षाची कमाल मर्यादा १,२५,००० डॉलर. पण नकाशाचा रंग बदलेपर्यंत हाडं वर आलेली गाय विकावी लागते, हे दुखणं खरं आहे.

दुसरा 'पीआरएफ', म्हणजे कुरण-चाऱ्यासाठीचा पावसाचा विमा. आपल्याकडच्या हवामान आधारित फळपीक विम्याचा चुलतभाऊच म्हणा. दोन-दोन महिन्यांचे टप्पे आधीच निवडायचे. पाऊस सरासरीच्या ठरवलेल्या टक्क्याखाली (७० ते ९०) गेला की भरपाई. निम्म्याहून जास्त हप्ता सरकार भरतं. कुरण पाहायला मात्र कुणी येत नाही. नकाशावरच्या चौकोनाचा पाऊस मोजतात. शेजारी बरसला आणि तुमच्याकडे कोरडं, तर हात रिकामे.

माझं मत? हप्ता झेपत असेल तर दोन्ही घ्यावेत, तशी मुभा आहे. न झेपणाऱ्या छोट्या गुरेपालकाला 'एलएफपी'च तारते.